ओव्हरक्लॉक, उन्हाळा आणि आईच्या कॅसेट



लखनौ म्हटलं की आपल्या मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. गाण्यातला असेल तर विष्णू नारायण भातखंडे, कारण १९२६ साली इथलं संगीत महाविद्यालय त्यांनी उभं केलं. आणि खाण्यातला असेल तर कबाब. आज मी या दोन्हींबद्दल बोलणार नाही. लखनौची तिसरी गोष्ट म्हणजे इथला मे महिना. पारा ४५ च्या आसपास, बाहेर लू, संध्याकाळी आंधी आणि आंधी आली की वीज गायब. अशा गावात मी संगणक ओव्हरक्लॉक केला. त्यातून जे शिकलो ते सांगायला बसलोय.

विषय आहे ओव्हरक्लॉक केलेल्या डेस्कटॉपसाठी थंडाव्याची सोय आणि मेमरी कशी निवडायची. तरुण मंडळींना यातलं बरंच ठाऊक असेल. पण मला जे उशिरा कळलं ते त्यांनाही उपयोगी पडेल, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आधी ओव्हरक्लॉक म्हणजे काय ते दोन वाक्यांत. कारखान्याने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो त्याहून जास्त वेगाने तो चालवायचा. तेवढ्या वेगात तो अडखळू नये म्हणून त्याला थोडं जास्त व्होल्टेज द्यायचं. मेमरीचंही तसंच.

माझा संगणक २०२२ सालचा. इंटेलचा आय-५ १२६००के, डीडीआर-४ मेमरी, बाजारात मिळणारा मधल्या आकाराचा टॉवर कूलर. सहा मोठे कोर एकत्र राबवले की हा प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झला चालतो. मी तो ५.० ला नेला. वाढ किती? साधारण ११ टक्के. वाटतं, उष्णताही तेवढीच वाढली असेल. इथेच माणूस फसतो.

गणित सोपं आहे. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा व्होल्टेज १.२० वरून १.३२ वर नेलं, म्हणजे १० टक्के. १.१ चा वर्ग १.२१. त्याला वेगाच्या १.११ ने गुणा. आलं १.३४. म्हणजे वेग ११ टक्के वाढला आणि उष्णता ३४ टक्के. या प्रोसेसरची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा १५० वॅट आहे, ती माझ्याकडे २०० वॅटला जाऊन भिडली. २०० वॅट म्हणजे जुन्या काळचे १०० वॅटचे दोन बल्ब, आणि तेही नखाएवढ्या चिपमध्ये पेटलेले.

आता कूलर. इथे एक गंमत सांगतो. लालबागच्या नाझा मार्केटमध्ये मी पहिल्यांदा गेलो आणि एका दुकानात म्हणालो, "कूलर दिखाइए." दुकानदाराने विचारलं, "कमरे का या सीपीयू का?" मी हसलो, पण प्रश्न अगदी योग्य होता. कारण दोन्हींचा हिशेब एकच आहे, हे मला पुढे कळलं.

सीपीयूचा कूलर गारवा तयार करत नाही. तो फक्त उष्णता इथून उचलतो आणि खोलीतल्या हवेत टाकतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. खोलीच्या तापमानापेक्षा तो किती वर राहील, एवढंच कूलर ठरवतो. म्हणून कूलर निवडताना डब्यावरची चित्रं सोडा आणि एक आकडा मनात धरा. दर वॅटमागे किती अंश?

माझा पहिला कूलर दर वॅटमागे साधारण ०.३२ अंश वर जायचा. २०० वॅटला गुणा, ६४ अंश आले. जानेवारीत माझ्या खोलीत १४ अंश होते. १४ अधिक ६४, म्हणजे ७८. उत्तम! मी रात्रभर चाचण्या चालवल्या, सगळ्या पास. मिशांना पीळ देऊन झोपलो.

मे महिन्यात तीच खोली, एसी बंद, ३९ अंश. ३९ अधिक ६४ म्हणजे १०३. आणि या प्रोसेसरची मर्यादा आहे १०० अंश. १०० ला पोहोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. जळत नाही, तेवढी अक्कल त्याच्यात असते. पण ज्या वेगासाठी एवढा खटाटोप केला तो वेगच हातात राहत नाही. पंखे विमानासारखे गरजतात आणि काम मात्र मूळ वेगानेच होतं.

तेव्हा पहिला धडा. संगणकाची चाचणी ज्या ऋतूत केली, त्या ऋतूपुरतीच ती खरी. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. पुण्यात बसलेल्या माणसाने इंटरनेटवर टाकलेले आकडे नागपूरला लागू पडत नाहीत. आणि परदेशातल्या चाचण्या तर खोलीचं तापमान वीस-पंचवीस धरूनच केलेल्या असतात. तुमची खोली वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशी, वीज गेल्यावर, किती तापते? तो आकडा आधी थर्मामीटरने मोजा. तिथून हिशेब सुरू करा.

वीज गेल्यावर असं मुद्दाम म्हणालो. आमच्याकडे घराला इन्व्हर्टर आहे, संगणकाला यूपीएस आहे. वीज गेली की एसी थांबतो आणि संगणक चालूच राहतो. म्हणजे खोली सर्वांत वेगाने तापते तेव्हाच तो राबत असतो. आणखी एक. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. प्रोसेसरचे २०० आणि वर ग्राफिक्स कार्ड, की तो पहिल्याच झटक्याला मान टाकतो. ओव्हरक्लॉक करणाऱ्याने यूपीएसवरचा वॅटचा आकडा वाचावा. व्हीएचा आकडा मोठा असतो, म्हणून दुकानदार तोच सांगतो.

मग कूलर कोणता घ्यायचा? दोन जाती आहेत. एक हवेचा टॉवर, दुसरा द्रवाचा, ज्याला एआयओ म्हणतात.

द्रवाच्या कूलरबद्दल एक गैरसमज आहे की पाणी आहे म्हणजे थंड करणार. नाही. पाणी हा हमाल आहे. प्रोसेसरजवळची उष्णता तो उचलतो आणि रेडिएटरपर्यंत नेऊन टाकतो. तिथून पुढे हवाच लागते आणि ती तुमच्या खोलीचीच. फायदा असा की रेडिएटर मोठा असतो आणि उष्णता पेटीच्या थेट बाहेर पडते. पाणी तापायला काही मिनिटं लागतात, म्हणून छोट्या चाचणीत तो फार छान दिसतो. अर्धा तास राबवा, मग खरा आकडा कळेल. तोटा असा की त्यात पंप आहे. पंप बंद पडला की सगळं बंद. टॉवर कूलरचा पंखा बंद पडला तर बाजारातून दुसरा आणून अर्ध्या तासात लावता येतो. लष्करात आयुष्य गेलेल्या माणसाला दुरुस्तीला सोपी वस्तू आवडते. पण माझी आवड तुमच्यावर लादत नाही.

पुण्यात १९९१ साली सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' उभा राहिला, हे आपल्याला अभिमानाने ठाऊक आहे. त्याच घराण्यातला 'परम ब्रह्म' आज पुण्याच्या आयसरमध्ये आहे आणि त्यात द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेऊन उष्णता काढून घेतात. तिथे ते गरजेचं आहे, कारण एकेका कपाटात पुष्कळ प्रोसेसर दाटीवाटीने बसतात. तुमच्या-माझ्या टेबलाखाली एकच आहे. १५० ते १८० वॅटपर्यंत चांगला दोन मनोऱ्यांचा हवेचा कूलर पुरतो. २०० च्या पुढे सतत राबवायचं असेल तर ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरचा विचार करा.

द्रवाचा कूलर घेतलाच तर दोन गोष्टी सांभाळा. रेडिएटर शक्यतो पेटीच्या छताला लावा. पंप हा त्या सगळ्या साखळीत सर्वांत उंचावर नको, नाहीतर हवेचा बुडबुडा तिथे जाऊन बसतो आणि पंप कुरकुरायला लागतो. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. टॉवर कूलरचा पंखा जाता जाता शेजारच्या मेमरीवर आणि मदरबोर्डच्या वीज देणाऱ्या भागांवर वारा घालतो. द्रवाचा कूलर बसवला की तो फुकटचा वारा बंद होतो. प्रोसेसर गार पडतो आणि मेमरी तापायला लागते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हवेचा कूलर घेताना मापं घ्या. फुटपट्टी घेऊन बाजारात गेलो म्हणून दुकानातली पोरं हसली होती, पण हसू द्या. मोठे कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात. तुमच्या कॅबिनेटची झाकणी लागली पाहिजे. आणि मेमरीच्या पट्टीची उंची बघा. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा नावाजलेला कूलर. तो १६५ मिलिमीटर उंच आहे आणि त्याच्या पुढच्या पंख्याखाली मेमरीसाठी ३२ मिलिमीटर जागा उरते. साधी पट्टी तिथे कशीबशी मावते. रंगीत दिव्यांची पट्टी ४४ किंवा त्याहून उंच असते, ती मावत नाही. मग पंखा वर सरकवावा लागतो आणि पंखा वर गेला की झाकणी लागत नाही. म्हणून मेमरी आणि कूलर ही खरेदी एकाच दिवशी, एकाच कागदावर मापं लिहून करा. माझा सल्ला असा की मेमरी बुटकी घ्या, दिवे दिवाळीत लावा.

आता खोलीचा कूलर. उत्तर भारतात डेझर्ट कूलर घरोघरी आहे आणि आपल्या विदर्भातही. कोरड्या मे महिन्यात तो खोलीचं तापमान दहा अंशांनी सहज खाली आणतो. हिशेब आठवा, खोली दहाने उतरली की प्रोसेसरही दहाने उतरला. कुठल्याही महागड्या सीपीयू कूलरपेक्षा हा फरक मोठा आहे. पण संगणक त्याच्या झोतात ठेवू नका. त्या हवेत बारीक तुषार असतात, पाणी जड असेल तर ते सुकून पांढरा थर बसतो आणि ओलसर धूळ हीटसिंकच्या पात्यांना लेपासारखी चिकटते. झोत भिंतीकडे, संगणक दुसऱ्या कोपऱ्यात. आणि जुलैत पाऊस सुरू झाला की डेझर्ट कूलरचा जोर संपतो, कारण हवा आधीच ओली असते. तेव्हा पंखा किंवा एसी. कोकणात आणि मुंबईत तर हा उपाय बाराही महिने कुचकामीच.

काही उत्साही मंडळी बर्फाचं पाणी फिरवतात किंवा विजेवर चालणारी गार पडणारी चकती लावतात. प्रोसेसर खोलीपेक्षा थंड झाला की पावसाळी हवेत त्याच्यावर दव धरतं, जसं गार पाण्याच्या तांब्यावर धरतं तसंच. मदरबोर्डवर दव म्हणजे काय ते सांगायला नको. तासाभराच्या स्पर्धेत ठीक आहे, घरच्या संगणकाला नको.

धुळीचं एक वाक्य. आत हवा ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा आणि ओढणाऱ्यांना जाळी लावा. म्हणजे फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी जाळी धुवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. आणि नवा कूलर बसवताना तळाची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. हसू नका, मोठमोठे विसरतात.

आता मेमरीकडे येतो. आणि इथे मी जी चूक केली ती सांगतो.

माझ्या आईच्या आवाजातल्या अकरा कॅसेट घरी होत्या. सातारकडच्या आमच्या गावी ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची, गावातल्या जुन्या गोष्टी सांगायची. मी सुट्टीवर गेलो की टेप लावून ठेवायचो. नव्वद मिनिटांच्या कॅसेट, दोन्ही बाजू भरलेल्या. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बदल्यांमध्ये त्या कॅसेट पेटीतून पेटीत फिरल्या. त्या मे महिन्यात, बाहेर पडण्यासारखं नव्हतं म्हणून, मी त्या संगणकावर उतरवायला घेतल्या. टेप वाजवायची, आवाज संगणकात घ्यायचा, खरखर काढायची, साठवायची. खरखर काढायला संगणक तासन् तास राबतो. त्यासाठीच तर ओव्हरक्लॉक केला होता.

प्रोसेसर वेग कमी करत होता ते मला दिसत होतं. पण संगणक एकदाही बंद पडला नाही. निळा पडदा आला नाही. मला वाटलं, सगळं ठीक.

गणपतीच्या आधी ताईला काही फायली पाठवल्या. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "अरे, आईचा आवाज मध्येच तुटतोय रे. टक टक करतंय. आणि दुसरी फाईल तर उघडतच नाही." मी म्हटलं, तुझा फोन जुना असेल. मग स्वतः ऐकलं. ताईचं बरोबर होतं.

काय झालं होतं ते सांगतो. मेमरीच्या चिपमध्ये प्रत्येक माहितीचा कण म्हणजे विजेचा इवलासा साठा. हा साठा झिरपत असतो. पाझरणारा माठ असतो ना, तसा. माठ रिकामा व्हायच्या आत कोणीतरी पुन्हा भरावा लागतो. संगणक तेच करतो, याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर-४ मध्ये नेहमीच्या तापमानाला सगळ्या मेमरीची एक फेरी ६४ मिलिसेकंदांत पुरी होते आणि त्यासाठी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेशचा हुकूम सुटतो. भरण्याच्या त्या क्षणी मेमरी दुसरं काम करत नाही. म्हणून वेगाच्या मागे लागलेले लोक हुकूमांमधलं अंतर वाढवतात. मीही बायोसमध्ये जाऊन ते चौपट केलं. जानेवारीत मेमटेस्ट८६ रात्रभर चालवली, एकही चूक नाही.

पण माठ उन्हाळ्यात जास्त पाझरतो. मेमरीचंही तसंच, तापली की साठा भराभर झिरपतो. म्हणून नियमांतच लिहिलं आहे की ८५ अंशांच्या वर रिफ्रेश दुप्पट वेळा करावा. मी नेमकं उलट केलं होतं. त्यात व्होल्टेज वाढवलेलं, खाली ग्राफिक्स कार्डाची गरम हवा, खोलीत ३९ अंश. ताईच्या फोननंतर मी एसी बंद करून चाचणी पुन्हा लावली. पहिली चाळीस मिनिटं शून्य चुका. मग पट्ट्या तापल्या, ६० अंशांच्या वर गेल्या आणि चुका एकामागून एक दिसायला लागल्या.

प्रोसेसर तापला तर तो बोंब मारतो. मेमरी चुकली तर ती गप्प बसते. एका शून्याचा एक होतो आणि ती चूक तशीच फायलीत जाऊन बसते. शत्रू समोरून आला तर दिसतो, हा घरातूनच जातो.

अकरापैकी नऊ कॅसेट मी पुन्हा वाजवल्या, पुन्हा उतरवल्या. दोन कॅसेटची फीत पहिल्याच वेळी वाजवताना तुटून गुंडाळली गेली होती. त्यातली एक बाजू, पंचेचाळीस मिनिटं, आता जवळजवळ ऐकता येत नाही. त्या बाजूला काय होतं ते मला आठवतं, पण तिच्या आवाजात नाही.

आणि हिशेब केला, मी कमावलं काय? ४.५ चे ५.० केले, म्हणजे तासाभराचं काम चौपन्न मिनिटांत. सहा मिनिटं. मी सेवानिवृत्त माणूस, त्या सहा मिनिटांचं काय करणार होतो?

याचा अर्थ ओव्हरक्लॉक करू नका असा नाही. मी आजही करतो. पण काही शिस्त पाळतो, ती तुमच्यापुढे ठेवतो.

मेमरी घेताना आधी किती हवी ते ठरवा, किती वेगवान हवी ते नंतर. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर भरत असेल तर वेगवान पट्टीने काही होणार नाही, १६ चे ३२ करा. मेमरी संपली की संगणक एसएसडीकडे धावतो आणि ती कितीतरी पटीने मंद असते.

दोन पट्ट्यांचा एकत्र विकला जाणारा संच घ्या. जुन्या पट्टीला नवी जोडू नका. नाव सारखं असलं तरी आतल्या चिपा वेगळ्या निघतात. चार पट्ट्या लावल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रकावर ताण येतो, वेग उतरवावा लागतो. दोन पट्ट्या कोणत्या खाचेत लावायच्या ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतं. बहुतेक ठिकाणी प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी.

डब्यावर दोन आकडे असतात, वेग आणि सीएल. मोठा वेग बघून भुलू नका. सीएलला दोन हजारांनी गुणा आणि वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत येतं. ३२०० सीएल १६, उत्तर १०. ३६०० सीएल १८, उत्तर पुन्हा १०. ३६०० सीएल १६, उत्तर ८.९, ही खरी चपळ. डीडीआर-५ मध्ये ६००० सीएल ३० म्हणजे १० आणि ६००० सीएल ३६ म्हणजे १२. एकदा बोलावल्यावर पट्टी किती वेळात उत्तर देते ते यातून कळतं. एका दमात किती माल वाहते ते वेगाच्या आकड्यातून कळतं. दोन्ही बघा. आणि डीडीआर-४ च्या बोर्डात डीडीआर-५ बसत नाही, पट्टीची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका.

डीडीआर-५ मध्ये चिपच्या आतच चूक दुरुस्त करायची सोय असते, हे खरं. पण ती चिपच्या आतपुरती. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला कळत नाही. ज्यांचं काम हिशेबाचं आहे, संशोधनाचं आहे, जुने दस्तऐवज जतन करण्याचं आहे, त्यांनी ईसीसी मेमरी चालवणारा बोर्ड आणि प्रोसेसर घ्यावा आणि मेमरीच्या वेगाला हातच लावू नये.

आणि हेही जाणून घ्या की डब्यावरचा एक्सएमपीचा वेग हाही कंपन्यांच्या कागदात ओव्हरक्लॉकच धरतात. वॉरंटीची अट वाचा. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर पट्टीचा क्रमांक लिहून घ्या, घरी येऊन सीपीयू-झेडमध्ये चिप पडताळा. लॅमिंग्टन रोड असो, नेहरू प्लेस असो की नाझा मार्केट, नियम एकच.

आता माझी शेवटची युक्ती. फौजेत आम्हाला उन्हाळी गणवेश वेगळा, हिवाळी वेगळा. ठरलेल्या तारखेला सगळी पलटण बदलते. त्या दिवशी थंडी पडली का, कोणी विचारत नाही. मी बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवली आहेत. हिवाळी प्रोफाइल ५.० गिगाहर्ट्झचं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळी ४.७ चं, वॅटची मर्यादा १६५. नवा कूलर मोठा घेतलाय, दर वॅटमागे ०.२५ अंश. १६५ ला गुणा, ४१ आले. खोली ३९ असली तरी ८०. वीस अंशांची सवड हातात राहिली. मेमरी बाराही महिने डब्यावरच्या वेगाला, रिफ्रेश कारखान्याचा आहे तसा. आणि पट्ट्यांवर वारा घालणारा एक छोटा पंखा.

चाचणी वर्षातून दोनदा, पण खरी चाचणी मेमध्ये. दुपारी तीन वाजता, एसी बंद, दारं लावून. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मेमरी तिन्ही एकाच वेळी राबवायची, कारण मेमरीला तापवणारी हवा बाकीचे दोघे देतात. निदान चार तास. एक चूक दिसली तरी नापास. मेमरीच्या परीक्षेत पस्तीस टक्क्यांना पास नसतं, शंभरच लागतात.

आणि पुन्हा न मिळणारी गोष्ट, आईचा आवाज, लग्नाच्या चित्रफिती, जुनी पत्रं, हे उतरवायचं असेल त्या दिवशी सगळं ओव्हरक्लॉक काढून टाका. कारखान्याच्या वेगाने काम करा. उतरवलेलं लगेच, मूळ वस्तू हाताशी आहे तोवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. तीन प्रती करा, एक दुसऱ्या गावी ठेवा. माझी एक ताईकडे आहे.

त्या उरलेल्या दहा कॅसेट आणि अकराव्याची एक बाजू आता शाबूत आहेत. ताईने परवा फोन करून सांगितलं, नातीला झोपवताना ती लावते. नात विचारते, मागे घरघर कसली येते? ताई सांगते, ते जातं आहे. खरखर काढताना ती घरघर काढायची नाही, एवढं मात्र मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं.

उन्हाळा जवळ आलाय. थर्मामीटर काढा, खोली मोजा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.